झेंड्याकडे बघणाऱ्या निमकर काकू

निमकर काकूंच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. डाव्या हातावर आपली वेळ, उजव्या हातावर ग्रीनिचची. हवामान खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे साऱ्या जगाच्या नोंदी ग्रीनिचच्या वेळेने होतात, आणि निवृत्त झाल्यावर ते दुसरं घड्याळ काढून ठेवावं असं काही त्यांना वाटलं नाही. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत नवीन आलेले लोक त्यांना वेळ विचारायला बिचकत, कारण त्या आधी विचारायच्या, "कुठली सांगू?"

या काकू पुढे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलच्या सामन्यांचे अंदाज वर्तवू लागल्या आणि तिकडचे पैज लावणारे लोक ते अंदाज वाचू लागले, असं मी आज कुणाला सांगितलं तर माझ्याकडे संशयाने बघतात. माझी स्वतःची मुलगी बघते. पण हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. इतकंच काय, काकूंना त्या धंद्यात मीच ओढलं, आणि आयुष्यात मी ज्या थोड्याफार शहाणपणाच्या गोष्टी केल्या त्यात ही पहिली धरते.

सकाळी दुधाच्या बूथवर काकूंचं पहिलं दर्शन व्हायचं. नऊवारी-बिऊवारी काही नाही. सुती साडी, त्यावर पांढरे बूट, आणि थंडीत यजमानांचा जुना मरून रंगाचा स्वेटर. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी मंजिरी कॅलिफोर्नियात होती. बूथवर येण्याआधी काकू गच्चीवर जाऊन यमुनेपलीकडच्या चिमण्यांचा धूर कुठे वळतोय ते बघून येत आणि रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना दिवसाचं हवामान सांगत. एकदा सांगितलं की सांगितलं. "पाऊस नाही" म्हणाल्या की त्या दिवशी छत्री घरी. मग आभाळ फाटलं तरी आडोशाला उभ्या राहायच्या नाहीत. गाझियाबादला एका लग्नाच्या रिसेप्शनला आम्ही एकत्र गेलो होतो. उतरलो तेव्हा धो धो पाऊस. मी म्हटलं, "काकू, अच्छा, थांबू या ना पाच मिनिटं." त्या म्हणाल्या, "तू थांब. अंदाज माझा, भिजणंही माझंच." आणि तशाच चालत निघाल्या, पैठणीसकट. नवऱ्यामुलाच्या आईने टॉवेल दिला तेव्हा तो घेतला, पण चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं चिन्ह नाही. उलट पाऊस कुठल्या दिशेने आला ते तिला समजावून सांगत होत्या.

दिल्लीत तेव्हा सगळंच नवं येत होतं. शीतपेयं आली, परदेशी गाड्या आल्या, घराघरांत केबल आली, नोएडातल्या सरसोंच्या शेतांवर सेक्टर उगवले आणि त्या सेक्टरांमध्ये काचेच्या खिडक्यांची ऑफिसं. त्यातल्याच एका तिमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर मला नोकरी लागली. मालक चड्ढाजी. आधी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा धंदा होता. मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की आता अमेरिकेचं काम इथे होणार. पहिलं जे काम हाती लागलं ते त्यांनी घेतलं. नेवाडात वॉल्टर नावाचे एक गृहस्थ होते. तिथे खेळांवर पैज लावणं कायदेशीर आहे, आणि हे वॉल्टर दर आठवड्याला एक पत्रक काढत, कुठल्या सामन्यात काय होईल याचं. सामने बघून, आकडे काढून त्यांना अहवाल पाठवायचा, हे आमचं काम.

नुसतं कोण जिंकणार एवढंच सांगायचं असतं तर सोपं होतं. पण तिथली पैज फरकावर असते. लहानपणी आपण दुबळ्या भिडूला पाच गुण आधीच देऊन कॅरम खेळायचो, तसंच. बलाढ्य कॉलेज सतरा गुणांहून जास्त फरकाने जिंकेल का? जिंकलं पण चौदानेच जिंकलं, तर त्याच्यावर पैज लावणारा हरला. या आकड्याला ऑफिसात सगळे स्प्रेड म्हणत, काकू शेवटपर्यंत "फरक" म्हणाल्या.

आमची माणसं हुशार होती. परभणीचा शकील तर त्यातला राजा. मोठ्या परीक्षेची तयारी करायला दिल्लीत आला होता आणि खोलीचं भाडं निघावं म्हणून आमच्याकडे अर्धा दिवस काम करायचा. महिनाभरात त्याला त्या अंड्याच्या आकाराच्या चेंडूचे सगळे नियम पाठ झाले. तरी आमचे अंदाज साफ चुकायचे आणि वॉल्टरसाहेबांचे फोन यायचे. एकदा दूध घेताना मी काकूंकडे हे रडगाणं गायलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "सामने उघड्यावर होतात का?"

म्हटलं, "हो, बिल्कुल उघड्यावर."

"मग वारा बघता का तुम्ही?"

आम्ही कुणीच वारा बघत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चड्ढाजींसमोर नेलं. चड्ढाजींनी पांढऱ्या बुटांपासून दोन घड्याळांपर्यंत नजर फिरवली आणि विचारलं, "मैडमजी, आपको फुटबॉल आता है?"

"नहीं," काकू म्हणाल्या. "पर मुझे अंदाज़ा लगाना आता है. और ग़लत होना भी आता है."

चड्ढाजींना यातलं दुसरं वाक्य फारसं आवडलं नाही, पण त्यांच्याकडे इलाजही नव्हता. काकू सोमवारपासून येऊ लागल्या.

आणि मग आमच्या ऑफिसात जी काय मजा सुरू झाली! कुरियरने सामन्यांच्या टेप यायच्या. आम्ही सगळे चेंडूच्या मागे. काकू खुर्ची पुढे ओढून पडद्याच्या कोपऱ्यात बघायच्या. "थांबव. मागे ने. तो झेंडा बघू दे." मैदानाच्या टोकाला खांबांवर छोटी फडकी बांधलेली असतात, त्यांच्यावर त्यांचा डोळा. प्रेक्षकांनी कानटोप्या कधी घातल्या, कोचच्या हातातला कागद कुठल्या बाजूला उडाला, लाथ मारणारा पोरगा मारण्याआधी गवत चिमटीत धरून सोडतो की नाही. शकील वैतागून म्हणायचा, "मावशी, खेळ इकडं चाललाय." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "चेंडूकडे सगळेच बघतात रे. आपण झेंड्याकडे बघू या." लांब फेक करणारा संघ वाऱ्यात लंगडा होतो आणि पळत चेंडू नेणारा संघ वाऱ्यात मोठा होतो, हे त्यांनी पंधरा दिवसांत ओळखलं. आमचे अंदाज जुळू लागले.

पण त्यांचा खरा कळस म्हणजे परीक्षा. एका शुक्रवारी अहवालात त्यांनी लिहिलं की अमुक संघ जिंकेल, पण रडतखडत. मी विचारलं कशावरून. त्यांनी त्या कॉलेजची वेबसाइट उघडून दाखवली. डायलअपवर ती उघडायला चहा पिऊन व्हायचा. सोमवारपासून त्यांची सत्रपरीक्षा होती. "वैशाली, ही कॉलेजची पोरं आहेत. धिप्पाड असली म्हणून काय झालं? मंजिरी बारावीला होती तेव्हा तिला साधी भाजी आणायला सांगितली तर कोथिंबिरीऐवजी मेथी आणायची." संघ रडतखडतच जिंकला. शकीलने त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावर अक्षरशः नाच केला, आणि मग आठवून गंभीर झाला, कारण त्याचीही पूर्वपरीक्षा जवळ आली होती.

काकू स्वतः पैज लावत नसत. आमच्यात समोशावर पैजा चालायच्या, त्यातसुद्धा नाही. "अंदाज सांगणाऱ्याने पैज लावली की मग त्याला आभाळ नीट दिसत नाही," असं त्यांचं म्हणणं. अहवालात त्यांचे तीनच शेरे असत: वाटतं, बहुतेक आणि सांगता येत नाही. वॉल्टरसाहेबांना मात्र दर आठवड्याला एक तरी सामना हमखास हवा असायचा. पत्रकाच्या डोक्यावर ठळक छापायला. काकू ऐकायच्या नाहीत. "हमखास फक्त सूर्य उगवतो, आणि जानेवारीत दिल्लीत तोही दिसेलच असं मी सांगणार नाही."

मोसम संपत आला तशी खरी धाकधूक सुरू झाली. वॉल्टरसाहेबांनी कळवलं की पुढच्या मोसमाचं काम आम्हाला द्यायचं की दुसऱ्या कुणाला, ते या शेवटच्या मोठ्या सामन्यावर ठरवतील. काम गेलं तर ऑफिस बंद. चड्ढाजींनी हे आम्हाला चहा पाजून, अगदी हळू आवाजात सांगितलं. सामना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, आमच्या रविवारी सकाळी. बलाढ्य संघ लांब फेकीवाला, फरक सतराचा. काकूंनी हवामान बघितलं: रविवारी समुद्रावरून जोराचा वारा. शुक्रवारी अहवाल गेला. वाऱ्यामुळे लांब फेकी फसतील, मोठा संघ जिंकेल पण सतराने नाही, शेरा, बहुतेक. वॉल्टरसाहेबांनी उत्तरात फक्त एक शब्द पाठवला, उत्तम.

शनिवारी सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू. स्वेटर उलटा घातलेला. आत न येताच म्हणाल्या, "मंजिरीचा फोन आला होता."

मी सुरी हातात तशीच धरून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"ती ठीक आहे. उद्या शनिवार, हवा छान आहे, आम्ही समुद्रावर चाललोय म्हणाली. आणि रविवारी वारा सुटणार आहे म्हणून उद्याच जाऊन येतोय." त्यांनी दोन्ही मनगटं माझ्यापुढे धरली. "वैशाली, सामना सुरू होईल तेव्हा माझ्या या घड्याळात रविवार, आणि या घड्याळातही रविवार. तिकडे मात्र शनिवारची संध्याकाळ. मी रविवारचा वारा शनिवारच्या सामन्याला लावला."

आयुष्यभर दोन वेळा सांभाळणाऱ्या बाईने तिसरी वेळ विसरावी! मला हसू आलं, आणि लगेच ऑफिसची काळजी. काकू मात्र उभ्या उभ्या सावरल्या. म्हणाल्या, "तिकडे अजून शुक्रवारची रात्र आहे. पत्रक छापलं गेलं नसेल. चल."

आम्ही सायकलरिक्षा, मग ऑटो करून नोएडा गाठलं. वाटेत मी चड्ढाजींना पीसीओवरून फोन केला होता, ते आमच्याआधी पोचले होते आणि केस विस्कटलेले होते. त्यांनी हात जोडले. "मैडमजी, चुप रहिए. किसको पता चलेगा? क्या पता, लग ही जाए."

"चड्ढाजी, लग जाए तो भी ग़लत है," काकू म्हणाल्या आणि फोनकडे बोट दाखवलं.

तो फोन मी विसरणं शक्य नाही. काकूंचं इंग्रजी सरकारी. सविनय निवेदन असल्यासारखं बोलायच्या. मी निमकर, भारतातून. आपल्या अहवालातला वारा चुकीच्या दिवसाचा आहे, तो मी मागे घेत आहे. स्पीकरवर सगळं ऐकू येत होतं. मग वॉल्टरसाहेबांचा घोगरा आवाज, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं."

"मला कळलं होतं, सर," काकू म्हणाल्या.

"आता नवा अंदाज काय?"

"वारा नसेल तर मोठा संघ सतराच्या वर जाईल. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती?"

"बहुतेक म्हणजे बहुतेक, सर."

फोन बंद झाला. चड्ढाजी खुर्चीत बसले आणि त्यांनी ट्रॅक्टरच्या धंद्यातल्या सुखाच्या दिवसांबद्दल काहीतरी पुटपुटलं.

रविवारी सगळे सकाळीच ऑफिसात हजर. गच्चीवरच्या डिश अँटेनाच्या छत्रीमुळे सामना थेट दिसणार होता. मी पोहे नेले होते, शकीलने मफलर डोक्याला गुंडाळला होता, चड्ढाजींनी गुरुद्वाऱ्यात जाऊन आल्याचं सांगितलं. टीव्ही लागला आणि काकूंनी आधी झेंडा शोधला. फडकी खांबाला चिकटून लोंबत होती. वाऱ्याचा पत्ता नाही. काकूंनी सुस्कारा सोडला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

मग जो सामना झाला, तो झाला! मोठा संघ लांबच लांब फेकी करत सुटला. पहिल्या अर्ध्यात ते एकवीस गुणांनी पुढे, आम्ही टेबलं वाजवतोय. दुसऱ्या अर्ध्यात धाकट्या संघाचा एक काटकुळा पोरगा चेंडू घेऊन अख्खं मैदान पळाला आणि फरक एकदम चौदावर आला. शकीलने मफलर तोंडात कोंबला. चड्ढाजींची तर दोन्हीकडून पंचाईत. जुना अंदाज खरा ठरू लागला की हळहळायचे, नवा खरा ठरू लागला की वाहे गुरू म्हणायचे. शेवटचं एक मिनिट उरलं. मोठा संघ चौदाने पुढे, चेंडू त्यांच्याकडेच आणि रेषा हाताच्या अंतरावर. एक धक्का दिला की फरक एकवीस, आमचा नवा अंदाज बरोबर, ऑफिस वाचलं. आम्ही सगळे उभे.

आणि त्यांच्या म्हाताऱ्या कोचने हात खाली केला. चेंडू ज्या पोराच्या हातात आला तो पळाला नाही. त्याने एक गुडघा जमिनीला टेकला आणि बसून राहिला. सामना जिंकलेलाच होता, हरलेल्यांना आणखी कशाला हरवायचं, म्हणून वेळ संपू दिला. फरक चौदाच राहिला.

चड्ढाजी हताश होऊन म्हणाले, "पुराना वाला ही ठीक था."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते नोकरीसाठी होतं हे कबूल करायला मला लाज नाही. काकू मात्र उभ्याच होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. चेहरा असा उजळलेला की लग्नातल्या पावसाची मला आठवण झाली. "बघितलंत का रे त्या माणसाला? वारा धरला, परीक्षा धरली, आणि हा माणूस मी हिशोबात धरलाच नाही. वा!" मग खाली बसून त्यांनी थंडगार पोहे चवीने खाल्ले.

मंगळवारी फॅक्स आला. वॉल्टरसाहेबांचं छापलेलं पत्रक. मोठ्या सामन्याच्या जागी ठळक अक्षरांत होतं: भारतातल्या हवामानवाल्या बाईंनी वाऱ्याचा दिवस चुकल्याचं स्वतः फोन करून कळवलं आहे, नवा अंदाज खाली दिला आहे, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. खाली त्यांनी हाताने चड्ढाजींना लिहिलं होतं: वर्गणीदारांनी मला भरपूर शिव्या दिल्या. त्यातल्या निम्म्यांनी विचारलं, त्या बाई पुढच्या मोसमात आहेत ना? त्या असतील तर काम तुमचं. मात्र गेल्या आठवड्यात कुठे चुकलो, हे त्यांनी दर वेळी आधी लिहायचं.

चड्ढाजींनी लाडू मागवले आणि काकूंच्या पाया पडायला वाकले. काकूंनी पाय मागे घेतले आणि त्यांना बजावलं की लाडवात तूप जुनं आहे.

पुढे आणखी काही मोसम आम्ही ते काम केलं. "गेल्या आठवड्यात कुठे चुकलो" हे काकू इतकं रंगवून लिहायच्या की तिकडचे लोक म्हणे अंदाजाआधी तेच वाचत. मग सगळं इंटरनेटवर फुकट मिळू लागलं. चड्ढाजींनी दुसरं काम धरलं, शकील अधिकारी होऊन आपल्या मराठवाड्यात गेला. आमच्याकडे मेट्रोचे खांब उभे राहत होते त्या सुमारास मंजिरीने काकूंना कायमचं तिकडे बोलावून घेतलं.

जायच्या दिवशीही त्या सकाळी गच्चीवर जाऊन आल्या. फेब्रुवारी महिना. बूथवर जाहीर केलं, "पाऊस नाही." मी टॅक्सीत छत्री ठेवू लागले तर डोळे वटारले. विमानतळावर उतरलो आणि पाऊस कोसळायला लागला, गारांसकट. सामानाची गाडी मिळेना. मी छपराखाली पळाले. काकू आपली बॅग ओढत सावकाश चालत आल्या, स्वेटरमधून पाणी निथळतंय.

"काकू, बदला तरी साडी. इतक्या लांबचा प्रवास."

"वाळेल," त्या म्हणाल्या. "मंजिरी मला ते मैदान दाखवणार आहे. खरा झेंडा बघणार मी, वैशाली. खरा!"

मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला तो ओला, गार. मी उगाचच विचारलं, किती वाजले. त्यांनी बाह्या वर केल्या. उजव्या मनगटावर ग्रीनिचच्या शेजारी एक नवं घड्याळ होतं, कॅलिफोर्नियाच्या वेळेवर लावलेलं, आणि त्यात तारीख आणि वारही दिसत होता.

"कुठली सांगू?" असं विचारून त्या हसल्या, शिपायाला तिकीट दाखवलं आणि ओल्या बुटांची पावलं मागे ठेवत काचेच्या दारातून आत गेल्या.